खेचराला शिंगरू होत नाही, मग संकरित गायीला वासरू कसं होतं?

रानवाट
केदारनाथच्या वाटेवर गौरीकुंडापासून वर जाणारी खेचरं इथल्या अनेकांनी पाहिली असतील. बाप गाढव, आई घोडी. ओझं वाहायला दोघांपेक्षा चिवट, पण त्यांचा वंश त्यांच्यापाशीच थांबतो. शाळेत शिकवलं होतं की दोन वेगळ्या प्रजातींचा संकर वांझ निघतो, आणि वांझ निघतो म्हणूनच त्या दोन प्रजाती वेगळ्या.

मग आमच्या तालुक्यात दारोदार उभ्या असलेल्या होलस्टीन-खिल्लार संकरित गायी वेतामागून वेत कशा देतात? वशिंडाची देशी गाय आणि युरोपातली बिनवशिंडाची गाय, दिसायला तरी घोडा-गाढवाइतक्याच वेगळ्या.

हे डोक्यात घोळायचं कारण वेगळंच आहे. पुण्याजवळच्या माळरानावर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर सापडल्याचं वाचलं. तो संकर वांझ असतो का? असेल तर इतकी काळजी कशाला, आणि नसेल तर त्याला लांडगा म्हणायचं की कुत्रा? जाणकारांनी सविस्तर लिहा, माझ्यासारख्याला समजेल असं.

खडूस_काका
गुणसूत्रं मोजा, उत्तर मिळेल. घोडा ६४, गाढव ६२, खेचर ६३. विषम आकडा, जोड्या लागत नाहीत, म्हणून वांझ. देशी गाय ६०, जर्सी ६०, संकर ६०. जोड्या लागतात, म्हणून वासरू. झालं.

पेशीकेंद्रक
काका, गंमत इथूनच सुरू होते. मंगोलियातल्या प्रझेवाल्स्की या रानघोड्याची गुणसूत्रं ६६. आपल्या घोड्याशी त्याचा संकर झाला की पिल्लाला ६५, म्हणजे विषमच. तरी ते पिल्लू मोठं झालं की त्याला पिल्लं होतात. उलट याक आणि गाय घ्या. दोघांनाही साठ-साठ. आकडा तंतोतंत जुळतो, तरी त्यांच्या संकरातला नर वांझ. आकडा महत्त्वाचा आहे, पण नुसत्या आकड्यावर निकाल देता येत नाही.

निमा
जोड्या लागत नाहीत म्हणजे नेमकं काय होतं? हे वाक्य दहावीपासून ऐकतेय, चित्र काही डोळ्यासमोर येत नाही.

पेशीकेंद्रक
निमा, सांगतो. शरीराच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात, एक आईकडून, एक बापाकडून. रोजच्या कामाला हे दोन संच एकमेकांना ओळखत नसले तरी चालतं. स्नायू, हाडं, कातडी बनवायला दोघांच्या सूचना स्वतंत्रपणे वाचल्या जातात. म्हणून खेचर ठणठणीत जगतं.

अडचण फक्त एका ठिकाणी येते, अंडपेशी आणि शुक्रपेशी तयार होताना. तिथे संच निम्मे करायचे असतात, आणि त्याआधी आईचं प्रत्येक गुणसूत्र बापाच्या तशाच गुणसूत्राला शोधून त्याला लांबीभर चिकटतं, जॅकेटच्या चेनचे दोन पट्टे दात जुळवत बंद व्हावेत तसं. दात जुळले तर दोघं व्यवस्थित वेगळी होऊन दोन पेशींत जातात. जुळले नाहीत तर पेशी ते काम अर्ध्यावर सोडते आणि बहुतेक वेळा मरते.

आता रानघोड्याचं. त्याच्याकडे जी दोन छोटी गुणसूत्रं सुटी आहेत, तीच आपल्या घोड्यात एकमेकांना जोडून एक झालेली आहेत. मजकूर तोच, बांधणी वेगळी. त्यामुळे दोन सुट्या तुकड्यांना जोडलेल्या एकाशी जुळवून घेता येतं. घोडा-गाढवाचं तसं नाही. त्यांच्या वाटा सुमारे ४० लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, आणि मधल्या काळात गुणसूत्रांचे तुकडे तुटून, उलटून, दुसरीकडे चिकटून इतकी उलथापालथ झाली की जुळवणीच फसते.

सुमंत_बे_एरिया
पण खेचर कधीच व्यायलं नाही असं नाही. अमेरिकेत कोलोराडोमध्ये २००७ साली एका खेचराला शिंगरू झालं आणि गुणसूत्रं तपासून तशी खात्री करण्यात आली. अशा घटना अत्यंत दुर्मीळ, पण घडतात. फक्त माद्यांच्या बाबतीत.

त्याच्याच आधीची गोष्ट, २००३ साली आयडाहो विद्यापीठात खेचराचा क्लोन जन्मला, 'आयडाहो जेम'. घोड्याच्या कुळातला जगातला पहिला क्लोन. ज्या प्राण्याला स्वतःची संतती नाही, त्याची हुबेहूब प्रत आधी निघाली. मला ते वाचून फार भारी वाटलं होतं.

लडाख_वारी
पेशीकेंद्रक यांनी याक-गायीचा उल्लेख केला म्हणून लिहिते. लडाखमध्ये त्या संकरातल्या नराला झो म्हणतात आणि मादीला झोमो. झो नांगराला, ओझ्याला. याकपेक्षा शांत आणि खालच्या उंचीवरही टिकतो. झोमो याकच्या मादीपेक्षा जास्त दूध देते, आणि ती गाभण राहते! घरच्या बाईंनी सांगितलं की झोमोला वासरं होतात, झोला कधीच नाही. एकाच आईबापाची ही पोरं. मादी फळते आणि नर वांझ, हे कसं?

पेशीकेंद्रक
ताई, याला हाल्डेनचा नियम म्हणतात. जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२२ साली मांडला. संकरात जर एकच लिंग वांझ, दुर्मीळ किंवा गायब असेल तर ते बहुधा असं लिंग असतं ज्याची लिंग-गुणसूत्रं एकमेकांपेक्षा वेगळी असतात. सस्तन प्राण्यांत नराकडे एक्स आणि वाय, मादीकडे एक्स-एक्स. म्हणून फटका नराला. एक्सवरची एखादी सूचना दुसऱ्या प्रजातीच्या सूचनांशी पटली नाही, तर मादीकडे सांभाळून घ्यायला दुसरा एक्स असतो. नराकडे नसतो. झोच्या वृषणात शुक्रपेशी तयार होण्याची प्रक्रियाच मध्ये थांबते. हे एक कारण झालं, इतरही आहेत, पण मुख्य चित्र असं.

आणि हाल्डेन आपलेच म्हणायला हवेत. १९५७ साली इंग्लंड सोडून ते कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले, भारतीय नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत त्यांना आणखी जागा मिळायला हवी असं मला मनापासून वाटतं.

झुंजार
मग पक्ष्यांत उलट असेल ना? कोंबडीत मादीची गुणसूत्रं वेगवेगळी असतात ना?

पेशीकेंद्रक
अगदी बरोबर! पक्ष्यांत आणि फुलपाखरांत मादीला फटका बसतो. नियम लिंगाचा नाही, गुणसूत्रांच्या जोडीचा आहे, याचा यापेक्षा चांगला पुरावा नाही.

आलीपूरकर
वीस वर्षं कोलकात्यात काढली म्हणून ही भर. अलिपूरच्या प्राणिसंग्रहालयात वाघ आणि सिंहीण यांच्यापासून 'टायगन' जन्मले होते. त्यातली रुद्राणी नावाची मादी पुढे देवब्रत नावाच्या आशियाई सिंहाबरोबर ठेवली आणि तिला पिल्लं झाली. सिंहाचा अंश जास्त, म्हणून त्यांना 'लिटिगन' म्हणत. त्यातला क्युबानाकान प्रचंड वाढला होता. १९९१ मध्ये तो गेला. लडाख_वारी यांनी सांगितलं तेच इथेही: माद्या जननक्षम, नर वांझ.

पुढे आपल्या सरकारने हे प्रकार बंद केले आणि ते योग्यच झालं. ज्यांना कुठल्याच जंगलात जागा नाही असे प्राणी पिंजऱ्यात जन्माला घालायचे कशासाठी? अशा पिल्लांपैकी बरीच अल्पायुषी ठरतात, काही आजारी निघतात. लोकांची गर्दी होते एवढ्यासाठी एखाद्या जनावराला तसं आयुष्य देऊ नये.

चिंगी_सातारकर
आमच्याकडे एक जण छातीठोकपणे सांगतो की त्याच्या आजोबांच्या म्हशीला बैलापासून पारडू झालं होतं. शेळी-मेंढीचंही असंच ऐकलंय. खरं मानायचं का?

गोठ्यातला_वैद्य
पशुवैद्यक आहे, गोठ्यातच आयुष्य गेलं. चिंगीताई, म्हैस आणि गाय यांचा संकर होत नाही. आपल्या म्हशीची गुणसूत्रं ५०, गायीची ६०. प्रयोगशाळेत फलन घडवलं तरी गर्भ मोजक्या पेशींच्या पुढे वाढत नाही. पंढरपुरी म्हशीला मुऱ्हा रेडा लावला तर रेडकू होतं, पण त्या एकाच प्रजातीच्या दोन जाती. आजोबांच्या म्हशीला रात्री कुणाचा तरी रेडा भेटला असणार.

शेळी ६०, मेंढी ५४. गर्भ राहू शकतो, बहुतेक वेळा पोटातच मरतो. बोट्स्वानामध्ये एक जगला होता, त्याची गुणसूत्रं बरोबर मधली, ५७. एक गफलत मात्र टाळा. १९८४ साली शेळी-मेंढीचा जो प्रसिद्ध प्राणी तयार केला, अंगावर कुठे लोकर कुठे केस असा, तो संकर नव्हताच. दोन वेगळे गर्भ अगदी लहान असताना एकत्र करून तो वाढवला होता. त्याच्या काही पेशी पूर्ण शेळीच्या, काही पूर्ण मेंढीच्या. संकरात प्रत्येक पेशीत दोघांचा वाटा असतो.

आता रानवाट यांचा मूळ प्रश्न, कारण तो माझ्या रोजच्या कामाचा आहे. देशी गाय आणि युरोपी गाय यांचे पूर्वज एकच रानबैल, पण त्याच्या दोन वेगळ्या शाखा. एक शाखा पश्चिम आशियात माणसाळली, दुसरी सिंधूच्या खोऱ्याकडे. त्या शाखा वेगळ्या होऊन काही लाख वर्षं झाली. घोडा-गाढवाच्या तुलनेत हे अंतर फार थोडं. गुणसूत्रं साठ-साठ, आणि जुळवणीही नीट होते. म्हणून संकरित कालवड वेळेवर माजावर येते, गाभण राहते, व्यते. आणि संकरित वळूचं रेतही चालतं, म्हणजे हाल्डेनचा फटका इथे बसत नाही.

महाराष्ट्रात हे काम मोठं झालंय. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळी कांचनला बाएफ ही संस्था उभी केली आणि कृत्रिम रेतन शेतकऱ्याच्या दारात नेलं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने 'फुले त्रिवेणी' तयार केली, निम्मी होलस्टीन, पाव जर्सी, पाव गीर. ज्या घरांत लिटरभर दूध निघत नव्हतं तिथे डेअरीचं पुस्तक आलं, पोरांच्या फिया भरल्या गेल्या. हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि त्याबद्दल कृतज्ञ आहे.

पण एक गोष्ट शेतकऱ्यांना पुन्हा पुन्हा सांगावी लागते. पहिल्या पिढीत संकरजोम, म्हणजे संकरामुळे येणारी जास्तीची ताकद, सगळ्यात जास्त असतो. अर्धी देशी, अर्धी होलस्टीन गाय दूधही देते आणि उन्हाळाही काढते. मग हावेपोटी त्याच कालवडीला पुन्हा होलस्टीनच भरवतात, तिच्या पोरीला पुन्हा. विदेशी रक्त पाऊण, मग त्याहून वर. एप्रिल-मेमध्ये ती गाय धापा टाकते, गोचीड ताप तिला आधी गाठतो, आणि दर वेळी गाभण न राहता उलटते. विदेशी रक्त निम्म्याच्या आसपास ठेवा. संकर करणं सोपं आहे, पुढच्या पिढीचं गणित सांभाळणं अवघड.

बैलगाडीवाला
वैद्यसाहेब, दुधाचं मान्य. पण संकरित गोऱ्ह्याचं काय? वशिंड नसल्यात जमा, जू बसत नाही, उन्हात चालत नाही. खिल्लारची खोंडं आमच्या घरात पिढ्यांपासून आहेत. सगळ्यांनीच होलस्टीन भरवलं तर चांगला खिल्लार वळू आणायचा कुठून?

गोठ्यातला_वैद्य
बैलगाडीवाले, तुमची काळजी रास्त आहे. संकर करायलासुद्धा शुद्ध देशी कळप शिल्लक असावा लागतो. खिल्लार, देवणी, डांगी, गवळाऊ यांची उत्तम जनावरं ज्यांच्याकडे आहेत त्यांनी ती शुद्धच ठेवावीत, आणि त्यांना त्याचा मोबदला मिळावा. पहिल्या पिढीचा जोम हवा असेल तर दर पिढीला पहिली आई देशीच लागते.

माळावरचा
वैद्यसाहेबांच्या शेवटच्या वाक्यावरून मी लांडग्याकडे येतो. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात गवताळ माळांवर आम्ही काही जण वन्यजीव नोंदी करतो.

लांडगा-कुत्रा संकर वांझ नसतो. लांडगा ७८, कुत्रा ७८, कोल्हाही ७८. कुत्रा लांडग्यापासूनच आला, वेगळं होऊन पंधरा ते चाळीस हजार वर्षंच झाली. पिल्लं सुदृढ आणि पूर्ण जननक्षम. (खोकड मात्र वेगळं, त्याची गुणसूत्रं ६०. कुणी 'आमचा कुत्रा खोकडाचा आहे' म्हणालं तर विश्वास ठेवू नका.)

माळावर अधूनमधून पिवळट-तपकिरी, लांडग्याच्या करड्या रंगाशी न जुळणारे प्राणी कळपात दिसत होते. त्यांचा डीएनए तपासला गेला आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून भारतीय लांडगा आणि कुत्रा यांच्या संकराचा जनुकीय पुरावा पहिल्यांदा मिळाला.

काळजी वांझपणाची नाहीच, नेमकी उलट आहे. खेचर वांझ आहे म्हणून खेचरांमुळे घोडे संपले नाहीत. हा संकर वांझ नाही, म्हणून त्याच्यामार्फत कुत्र्याची जनुकं लांडग्यांत शिरतात आणि पिढ्यानपिढ्या पसरतात.

निमा
पण मला एक कळत नाही. निसर्गात संकर होतच आलेत ना? आफ्रिकेबाहेरच्या सगळ्या माणसांत निअँडरथल या नामशेष मानवाचा एक-दोन टक्के अंश आहे. सैबेरियातल्या डेनिसोवा गुहेत एका मुलीचं हाड सापडलं, तिची आई निअँडरथल आणि बाप डेनिसोवन (तसाच दुसरा नामशेष मानव), हे २०१८ मध्ये सिद्ध झालं. गॅलापागोसमध्ये ग्रँट या जीवशास्त्रज्ञ दांपत्याने पाहिलं की १९८१ साली दुसऱ्या बेटावरून आलेल्या एका फिंच नराने तिथल्या माद्यांशी जोडी जमवली आणि त्यातून एक नवा वंशच सुरू झाला. मग लांडग्याच्या बाबतीत आपण का अडवायचं? नव्या जनुकांनी तो अधिक तगडाही होईल.

फ्लोरिडाताई
निमाच्या बाजूने एक उदाहरण. आमच्याकडचे पँथर (म्हणजे प्युमा) वीस-तीसवर आले होते. आपसातच वीण होऊन शेपट्या मुरगळलेल्या, हृदयात दोष, नरांत बीजदोष. १९९५ मध्ये टेक्सासमधून आठ माद्या आणून सोडल्या. त्यांच्या पिल्लांत ते दोष कमी झाले आणि संख्या कितीतरी पट वाढली. शुद्धतेचा हट्ट धरला असता तर ते आज नसते.

खडूस_काका
निअँडरथलबद्दल आमच्या हिला सांगितलं. म्हणाली, एक-दोन टक्के कसले, तुमच्यात चाळीस तरी असतील.

मेंढका
माझे वडील-चुलते मेंढरं घेऊन दरवर्षी कोकणात उतरायचे. लांडगा एखादं कोकरू नेणारच, हे धरूनच चालायचे. तो त्याचा वाटा. पण हल्ली गावाजवळ जी जोडगोळी फिरते ती माणसाला बिचकत नाही. खरा लांडगा माणूस दिसला की वाट बदलतो. संकर असेल का माहीत नाही, पण वागणं लांडग्याचं नाही. अशाने लोक सगळ्याच लांडग्यांवर उठतील, याची मला भीती वाटते.

माळावरचा
मेंढका, तुमचं निरीक्षण मोलाचं आहे. दिसण्यावरून किंवा धीटपणावरून संकर ठरवता येत नाही, त्याला डीएनएच लागतो. गावच्या उकिरड्याला सरावलेला शुद्ध लांडगाही धीट होतो. पण तुमची भीती खरी आहे.

निमाताई, फ्लोरिडाताई, तुमची उदाहरणं मला मान्य आहेत. तरी फरक बघा. टेक्सासची मादी ही रानातच जगलेली, शिकार करणारी प्युमाच होती, आणि किती सोडायच्या ते मोजून ठरवलं होतं. आपल्याकडे एका बाजूला अंदाजे तीन हजार लांडगे, आणि दुसऱ्या बाजूला २०१९ च्या पशुगणनेनुसार एक कोटी त्रेपन्न लाख भटके कुत्रे. हा प्रवाह एकाच दिशेने वाहणार. भारतीय लांडगा हा जगातल्या करड्या लांडग्यांच्या सर्वांत जुन्या वंशांपैकी एक आहे. ऊन, कमी पाणी, उघडा माळ यांच्याशी त्याचं जमलेलं आहे. कुत्र्याची जनुकं हजारो वर्षं माणसाच्या सोयीने निवडली गेलीत, त्यांनी तो तगडा होईल असं मानायला आधार नाही. स्कॉटलंडचं रानमांजर बघा. पाळीव मांजरांशी इतकी सरमिसळ झाली की रानात शुद्ध मांजर शोधून सापडेना.

आणि मुळात लांडगी कुत्र्याकडे जाते कधी? कळप फुटला, जोडीदार मेला, आसपास दुसरा लांडगा उरला नाही की. माळ नांगरले, प्लॉट पडले, रस्ते आले. आम्ही तरी याला निसर्गाचा खेळ म्हणणार नाही. पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या माळावर टाकतात, तिथे कुत्रा आणि लांडगा रोज समोरासमोर येतात. सोबत रेबीज आणि डिस्टेंपर हा कुत्र्यांचा रोगही येतो, आणि त्याने अख्खा कळप जाऊ शकतो.

निमा
प्रवाह एकाच दिशेने, हा मुद्दा पटला. संकर वाईट की चांगला हे मी उगाच सरसकट विचारत होते. पण संकर प्राणी सापडला तर करायचं काय? त्या पिल्लाचा तर काही दोष नाही.

माळावरचा
त्यावर जगभर मतभेद आहेत. काही ठिकाणी पकडून नसबंदी करून पुन्हा सोडतात, म्हणजे कळप मोडत नाही आणि जनुकं पुढे जात नाहीत. मला तो मार्ग सगळ्यात माणुसकीचा वाटतो. पण त्याआधी माळालगतच्या गावांत कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण, आणि मेलेल्या कोंबड्या खड्ड्यात पुरणं. हे लगेच करता येतं.

जर्मनीतला_बेडूक
विषय लांडग्यावर आलाय, तरी राहवत नाही. इथे युरोपात एक हिरवा पाणबेडूक आहे, तो दोन प्रजातींचा संकर आहे आणि हजारो वर्षं टिकून आहे. अंडपेशी किंवा शुक्रपेशी बनवताना तो एका पालकाचा पूर्ण संच टाकून देतो आणि दुसऱ्याचाच, जसाच्या तसा, पुढे देतो. मग त्याच टाकून दिलेल्या प्रजातीच्या बेडकाशी जोडी जमवतो आणि पुन्हा संकर तयार! जुळवणीची अडचण त्याने जुळवणी टाळूनच सोडवली. पेशीकेंद्रक यांनी यावर वेगळा धागा काढावा.

पेशीकेंद्रक
नक्की काढतो. अमेरिकेतल्या चाबूकशेपटी सरड्यांनाही त्यात घेऊ. संकरातून जन्मलेल्या काही प्रजातींत फक्त माद्या आहेत, नर लागतच नाही.

रानवाट
सगळ्यांचे आभार. मला समजलं ते असं: गाय-गाय अंतर थोडं, म्हणून वासरू, घोडा-गाढव अंतर मोठं, म्हणून खेचर वांझ, लांडगा-कुत्रा अंतर सगळ्यात थोडं, म्हणून धोका सगळ्यात मोठा. पण माझा एक प्रश्न राहिला. तो संकर लांडगा की कुत्रा? वन्यजीव संरक्षण कायद्याने लांडगा पहिल्या अनुसूचीत आहे. अर्ध्याचं काय?

पेशीकेंद्रक
अंतराचा ढोबळ नियम बरोबर पकडलात. नावाबद्दल माझं मत सांगतो. प्रजाती ही सीमारेषा आपण आखतो, प्रत्यक्षात तिथे रुंद पट्टा असतो आणि काही प्राणी त्या पट्ट्यातच जन्मतात. पहिल्या पिढीचा संकर दोन्ही नाही. तो पुन्हा लांडग्यांतच मिसळत गेला तर पाच-सहा पिढ्यांनी बहुतेक सगळी जनुकं लांडग्याचीच उरतात.

माळावरचा
आणि माळावर उभं राहून ते कळत नाही. म्हणून व्यवहारात एकच धोरण: लांडग्यासारखा दिसला तर तो संरक्षित लांडगा आहे असंच धरायचं. मेंढका, तुमच्या गावाजवळच्या जोडीचे फोटो लांबून, तारीख आणि जागेसकट काढून ठेवा. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा, आणि कोकरू गेलं असेल तर पंचनामा लगेच करून घ्या, म्हणजे भरपाईचा अर्ज अडत नाही.

मेंढका
उद्याच फोन करतो. मेलेल्या कोंबड्या पुरण्याचं ग्रामसभेतही काढतो, पोल्ट्रीवाला आमच्याच भावकीतला आहे.